काय उघडलंस?

घरातला कॉम्प्युटर बिघडला की आपल्याकडं एक प्रश्न विचारला जातो. तो कॉम्प्युटरपुढं बसलेल्या माणसाला विचारला जातो : 'काय उघडलंस?' आणि एक उपाय ठरलेला असतो : 'फॉरमॅट मारा.' माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न चुकीचा आहे आणि हा उपाय बऱ्याचदा अर्धवट आहे. या दोघांनी मिळून आपल्या घरांचं जे नुकसान केलंय, ते कुठल्याही व्हायरसपेक्षा कमी नाही. हे मी आमच्या घरावरून सांगतोय. तेव्हा मी नववीत होतो, आणि या गोष्टीत माझी जी भूमिका आहे ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

२०१०च्या दिवाळीत कागलला आमच्या घरी असेंबल्ड कॉम्प्युटर आला. आण्णा पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. त्यांनी बोनसमध्ये थोडे पैसे घालून तो घेतला आणि सोप्यात, टीव्हीच्या शेजारी मांडला. कारण सांगितलं माझ्या शिक्षणाचं. वापर मात्र आक्कानं केला. ती बी.कॉम.ला होती. एमएस-सीआयटी झालं होतं, मराठी टायपिंग येत होतं. दोनतीन महिन्यांत ती गावातल्या एका प्रेसची कामं घरी आणायला लागली. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, शाळांच्या चाचणीचे पेपर. पानामागं दहा रुपये. काम पेन ड्राइव्हवर घालायचं, प्रेसमध्ये जाऊन द्यायचं, नवीन काम घेऊन यायचं. महिन्याला हजार-बाराशे सुटायचे. आमच्या घरात कॉलेजला जाणाऱ्या पोरीच्या हातात स्वतःचे हजार रुपये असणं ही तोवर न घडलेली गोष्ट होती.

२०११च्या मे महिन्यात कॉम्प्युटर आजारी पडला. आधी नुसता संथ झाला. मग टास्क मॅनेजर उघडेना, 'ॲडमिनिस्ट्रेटरनं बंद केलंय' असा संदेश यायचा. आमच्या घरात ॲडमिनिस्ट्रेटर कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. अँटिव्हायरस टाकायला गेलं की खिडकी उघडायची आणि मिटायची. सेफ मोडला जायला गेलं की निळा पडदा.

आण्णांनी आक्काला विचारलं, "काय उघाडलंस गं?"

"काय न्हाई उघाडलं."

"मग असंच झालं व्हय?"

व्हय. असंच झालं होतं. पण 'असंच होतं' हे समजावून सांगणारं घरात कुणी नव्हतं.

कॉम्प्युटरवाला पोरगा आला. तीनशे रुपये घेऊन सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून गेला. पंधरा दिवसांत दुखणं परत. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा तीनशे. महिन्यानं तिसऱ्यांदा. या वेळी तो म्हणाला, "फुल्ल फॉरमॅट मारूया, मुळातनंच जाईल." डी ड्राइव्हसकट सगळं गेलं. आक्काचं आठ महिन्यांचं काम त्यात होतं : पत्रिकांचे साचे, कोपऱ्यातल्या वेलबुट्ट्या, गणपती, शाळांचे पेपर. तिनं 'थांबा, मी सीडीवर घेते' म्हटलं, तर आण्णा म्हणाले, "त्यातनंच परत ईल ते." आणि नंतर, तेवढ्यात प्रेसवाल्यांनी निरोप पाठवला की तुमच्या पेन ड्राइव्हनं आमचं मशीन बसलं, आता राहू दे.

मग कॉम्प्युटरवर कापड पडलं. मी अभ्यासाला लावायचो तेवढाच. आक्काचं लग्न पुढच्या वर्षी झालं. तिनं पुन्हा टायपिंगला हात लावला नाही.

आता त्या प्रश्नाकडं येतो.

'काय उघडलंस?' या प्रश्नात गृहीत असं आहे की व्हायरस यायला माणसाची काहीतरी चूक लागते. नको ते बघितलं, नको तिथं बोट लावलं. पोरीला विचारला की या प्रश्नाला आणखी एक वास असतो, तो सगळ्यांना कळतो. पण त्या काळच्या विंडोजमध्ये उघडायची गरजच नव्हती. पेन ड्राइव्ह खोचला की त्यातली ऑटोरन नावाची छोटी फाइल वाचली जायची आणि ती सांगेल तो प्रोग्रॅम चालायचा. ही सोय सीडीसाठी होती. गाण्याची सीडी घातली की गाणं लागावं, एवढाच हेतू. व्हायरस लिहिणाऱ्यांनी तीच सोय पेन ड्राइव्हवर वापरली. २००८च्या नोव्हेंबरपासून जगभर पसरलेल्या कॉनफिकरनंही हा रस्ता वापरला. अखेर फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपी आणि व्हिस्टासाठी पेन ड्राइव्हचं हे आपोआप चालणं बंद करणारं अपडेट विंडोज अपडेटमधून द्यायला सुरुवात केली.

तारखा बघा. अपडेट फेब्रुवारीत, आमचा व्हायरस मे महिन्यात. औषध तीन महिने आधी तयार होतं. ते आमच्यापर्यंत आलं नाही, कारण आमची विंडोज चोरीची होती आणि ती घालताना 'अपडेट' बंद करून ठेवलं होतं. अपडेट चालू राहिलं तर 'ही प्रत खरी नाही' असा संदेश येतो, गिऱ्हाईक तक्रार करतं, म्हणून आधीच बंद. तेव्हा गल्लोगल्ली हीच पद्धत होती. म्हणजे विचारायचाच असेल तर प्रश्न असा होता : 'अपडेट कुणी बंद केलं?' तो आमच्या घरात कुणी विचारला नाही. तो विचारला असता तर बोट कॉम्प्युटरवाल्याकडं आणि चार हजार वाचवणाऱ्या आण्णांकडं गेलं असतं. आक्काकडं बोट दाखवणं सोपं होतं.

यावर कुणी म्हणेल, 'खरी विंडोज घ्यायला पैसे कुणाकडं होते?' बरोबर आहे. आमच्याकडं नव्हते आणि मी आज चोरीवर प्रवचन द्यायला बसलेलो नाही. पण कुलूप तोडून घर घेतलंय हे माहीत असताना चोर शिरला म्हणून घरातल्या पोरीला झापायचं, हे कुठलं शहाणपण? ज्यानं धोका पत्करला त्यानं तो धोका घरात सांगायला पाहिजे होता. 'पोरी, ह्याला अपडेट नाहीत, बाहेरचा पेन ड्राइव्ह जपून लाव', एवढं एक वाक्य पुरलं असतं.

आता फॉरमॅटकडं.

आमच्या कॉम्प्युटरला जे झालं होतं त्याचं नाव सॅलिटी. हे नाव मला आठ वर्षांनी कळलं, ते कसं ते पुढं सांगतो. सॅलिटी २००३ पासून फिरतोय. हा निव्वळ एका जागी बसणारा व्हायरस नाही. तो ईएक्सई फाइलींना, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅमना, चिकटतो. तुम्ही नोटपॅड उघडा, गेम उघडा, प्रिंटरचा सेटअप उघडा, प्रत्येकात त्याचा तुकडा. अँटिव्हायरस बंद पाडतो, टास्क मॅनेजर आणि रजिस्ट्री एडिटर बंद करतो, सेफ मोडला लागणाऱ्या नोंदी पुसतो. आमच्या निळ्या पडद्याचं कारण हेच.

अशा वेळी नुसता सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला तर काय होतं? विंडोज नवी कोरी येते. मग प्रिंटर चालू करायला तुम्ही डी ड्राइव्हवर ठेवलेला सेटअप उघडता. मराठी फॉन्टचा सेटअप उघडता. तेच आजारी. पाच मिनिटांत सगळं जसंच्या तसं. कधी तर सेटअपही लागत नाही. डी ड्राइव्हच्या मुळाशी तीच ऑटोरन फाइल पडलेली असते, त्यावर डबलक्लिक केलं की झालं.

कॉम्प्युटरवाल्याला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्याचं गणित वेगळं होतं. फॉरमॅटला पाऊण तास लागतो आणि तीनशे मिळतात. व्हायरस नीट काढायला रात्र लागते आणि तीनशेच मिळतात. शिवाय फॉरमॅट झाल्यावर कॉम्प्युटर पळतो, गिऱ्हाईक खूश होतं. हाच धंदा करणारा दुसरा मराठी माणूसही होऊन गेलाय. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर दुरुस्तीच्या कामात पडले, कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीला आले. नव्वदच्या दशकात दुकानात येणारी मशिनं व्हायरसनं भरलेली असायची. धाकटे भाऊ संजय यांनी त्यांच्यासाठी साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून क्विक हील उभी राहिली. प्रत्येक दुरुस्तीवाल्यानं कंपनी काढावी असं मी म्हणत नाही. पण 'हे परत परत का येतंय?' हा प्रश्न एका दुकानात विचारला गेला आणि हजारो दुकानांत विचारला गेला नाही, हा फरक आहे.

नीट काढणं म्हणजे काय, तेही सांगतो, कारण आजही अनेक घरांत, शाळांत, झेरॉक्सच्या दुकानांत जुनी मशिनं आहेत. आधी इंटरनेटची वायर काढायची. आजारी विंडोजच्या आतून साफसफाई करायची नाही, कारण तुम्ही चालवाल ते साफ करणारं साधनही तो गाठतो. दुसऱ्या चांगल्या मशिनवर रेस्क्यू डिस्क बनवायची. ती फुकट मिळते. तिच्यावरून मशिन चालू करायचं, म्हणजे आतली विंडोज झोपलेली राहते. सगळे ड्राइव्ह आणि घरातला प्रत्येक पेन ड्राइव्ह एकाच बैठकीत तपासायचा. एक जरी राहिला तरी सगळं वाया. कागदपत्रं, फोटो, पत्रिका वाचवायच्या. ईएक्सई फाइली वाचवायच्या नाहीत, त्या मूळ जागेवरून नव्यानं घ्यायच्या. इतकं झाल्यावर फॉरमॅट मारायचा तर खुशाल मारा. शेवटी पासवर्ड बदला, तेही दुसऱ्या मशिनवरून. पेन ड्राइव्हवरचे फोल्डर गायब होऊन त्यांचे शॉर्टकट दिसत असतील तर फोल्डर बहुधा गेलेले नसतात, नुसते लपवलेले असतात. ॲट्रिब नावाच्या एका ओळीच्या आज्ञेनं ते परत दिसतात. हे न कळल्यामुळं किती जणांनी आपलेच फोटो फॉरमॅट मारून घालवले असतील, देव जाणे.

आक्काच्या पत्रिका मजकुराच्या फाइली होत्या. सॅलिटी त्यांना हात लावत नाही. त्या सीडीवर घेतल्या असत्या तर व्हायरस परत आला नसता. आण्णांचं 'त्यातनंच परत ईल' हे चुकीचं होतं. तो दुसऱ्याच सीडीतून येत होता.

ती सीडी माझी होती.

बसस्टँडजवळच्या एका कॅफेत मी एक गेम मिळवला होता. क्रॅक केलेला. कॅफेतल्या पोरानं वीस रुपयांत सीडीवर लिहून दिला. मे महिन्याच्या सुट्टीत आणला आणि दुपारी सगळे झोपले की खेळायचो. पहिला फॉरमॅट झाला, मी पुन्हा गेम टाकला. दुसरा झाला, पुन्हा टाकला. फुल्ल फॉरमॅट झाला, तरी सीडी माझ्या दप्तरात सुरक्षित. सीडीवर एकदा लिहिलेलं कुठल्याच फॉरमॅटनं जात नाही. मला तेव्हा खरोखर कळलं नव्हतं की व्हायरस त्यात आहे. पण मी गेम आणलाय एवढं तर माहीत होतं. आण्णा आक्काला विचारत होते तेव्हा मी तिथंच बसलो होतो. मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. कारण बोललो असतो तर मलाही तोच प्रश्न आला असता.

२०१९ साली माळा आवरताना ती सीडी सापडली. तोवर मी एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायच्या नोकरीला लागलो होतो. गंमत म्हणून तपासली, तर सेटअप फाइलवर लाल अक्षरांत नाव आलं : सॅलिटी. फाइलची तारीख एप्रिल २०११.

त्या रात्री मी त्याच्याबद्दल वाचत बसलो. सॅलिटी मशिनं नुसती बिघडवत नाही, ती एकमेकांना जोडतो आणि बाहेरून हुकूम घेऊन राबवतो. फेब्रुवारी २०११ मध्ये सॅलिटीनं धरलेल्या मशिनांनी बारा दिवस संपूर्ण इंटरनेटवर फिरून इंटरनेट-फोनचे सर्व्हर धुंडाळले. सुमारे ३० लाख आयपी पत्त्यांवरून हे काम झालं, आणि मालकांना पत्ता नव्हता. अशा मशिनला झॉम्बी म्हणतात. कागलच्या माणसाला हा शब्द ऐकला की दुसरंच काहीतरी आठवतं. आमच्या गावच्या आनंद यादवांच्या 'झोंबी'ला १९९० साली साहित्य अकादमी मिळालं. शाळेसाठी बापाशी, गरिबीशी झोंबणाऱ्या पोराची ती गोष्ट. गावाला तिचा अभिमान आहे. आणि त्याच गावात, आमच्या सोप्यात, एक पोरगी त्या मशिनसाठी झोंबत होती तेव्हा आम्ही तिघं बापे, म्हणजे आण्णा, कॉम्प्युटरवाला आणि मी, तिच्या विरुद्ध बाजूला होतो.

'हे सगळं जुनं झालं, आता घरात कॉम्प्युटर कुठंय? सगळं मोबाइलवर आहे', असं तुम्ही म्हणाल. म्हणूनच हे लिहितोय.

गेल्या वर्षी आक्काच्या व्हॉट्सॲपवर एका नातेवाइकाच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. फोटो नव्हता, पीडीएफ नव्हती, एपीके फाइल होती. जिनं शेकडो पत्रिका जुळवल्या ती पत्रिका आली तर उघडणारच. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर बसणारा प्रोग्रॅम. तो बसला, त्यानं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तिनं दिली. मग तो ओटीपी परस्पर पुढं पाठवत राहिला आणि तीच 'पत्रिका' तिच्या नंबरवरून पुढच्या पाहुण्यांना गेली. अशीच बनावट आरटीओ चलनं, अशीच पीएम किसानची ॲप फिरतायत. खात्यातून पहिल्या दिवशी ६ हजार गेले. तिला ते संध्याकाळी दिसलं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढचे दोन दिवस फोन बंद-चालू करत राहिली. तिसऱ्या दिवशी मला फोन केला तेव्हा ३८ हजार गेले होते. मी विचारलं, "आक्का, पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "इचारला असतास की, काय उघाडलंस म्हणून."

या ३२ हजारांचा हिशोब मी व्हायरसच्या नावावर मांडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे : ग्राहकानं बँकेला कळवल्यानंतर जे अनधिकृत व्यवहार होतात त्यांचं नुकसान बँकेचं. म्हणजे कळवणं हेच कुलूप. १९३० या नंबरवर जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. आपल्या घरातला एक प्रश्न माणसाला दोन दिवस गप्प बसवतो, आणि चोराला नेमके तेच दोन दिवस हवे असतात.

मोठ्यांच्या बाबतीत आपण असं वागत नाही, हेही बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून ९४ कोटी रुपये काढले गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, काही तर आमच्या कोल्हापुरातूनही. पोलिस आले, तपास झाला, २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना शिक्षा सुनावली. तिथं विचारलं गेलं : कुठून आला, कसा शिरला, पैसे कुठं गेले? बँकेसाठी तपास असतो आणि घरातल्या बाईसाठी मात्र झापणं.

तेव्हा एपीके उघडली गेलीच तर काय करायचं, ते लिहून ठेवा. फोनचं इंटरनेट बंद करा, विमान मोड लावा. दुसऱ्या फोनवरून आधी बँक, मग १९३०. संदेशाचे आणि व्यवहारांचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा, तक्रारीला लागतात. मग फोन सेफ मोडला नेऊन सेटिंगमध्ये बघा : 'ॲक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या दोन जागी अनोळखी नाव असेल तर आधी तिथली परवानगी काढा, नाहीतर ॲप निघत नाही. मग ॲप काढा. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी. दुकानदार तुम्हाला तो पहिल्यांदा सांगेल. त्यानं फोन साफ होईल, पण पुरावाही जाईल आणि गेलेले पैसे तसेच राहतील. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानं २०१७ पासून फुकट साधनं ठेवलीत, तीही बघा.

आणि घरात जुना कॉम्प्युटर असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. वाढीव अपडेट घेतली नसतील तर तुमच्या घरातही आता आमच्या २०११ सारखं, औषध न पोचणारं मशिन आहे. घरातल्यांना तसं सांगून ठेवा. सांगायची जबाबदारी ज्याला कळतं त्याची, म्हणजे तुमची.

सीडीची गोष्ट मी आक्काला त्या फोननंतर सांगितली. मला वाटलं होतं ती हसेल. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आण्णांना सांगितलंस?" मी म्हटलं, नाही. "मग आधी त्यास्नी सांग जा," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी रविवारी सांगितलं. आण्णा आता सत्तरीला आलेत. त्यांनी ऐकून घेतलं, कापड पडलेल्या त्या कोपऱ्याकडं बघितलं. तिथं आता शिलाई मशिन आहे. ते म्हणाले, "तिला फोन लाव." मी लावून दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

तुम्ही एवढंच करा. आज जेवताना घरात सांगा : फोनला, कॉम्प्युटरला काही झालं तर आधी मला सांगा, मी ओरडणार नाही. आणि खरोखर ओरडू नका.